सनद आधी, नकाशा नंतर: कल्पित साम्राज्यात छोट्या राज्यांचा मुलूख कसा उभा करावा

प्रश्न थोडक्यात असा: कादंबरीसाठी एक कल्पित साम्राज्य रचले आहे. त्याच्या पूर्वेला 'शिवेपार' नावाचा जुना प्रदेश आहे आणि त्यात ३६ छोटी राज्ये आहेत. नकाशा रंगवून झाला, प्रत्येक राज्याला राजघराणे, निशाण आणि फौज देऊन झाली. तरी वाचणाऱ्याला सगळी राज्ये सारखीच वाटतात. शिवाय साम्राज्य एवढे बलाढ्य असताना ही राज्ये टिकली कशी, असे सगळे विचारतात. प्रश्नकर्ते नागपूरचे आहेत, तेव्हा उदाहरणे शक्यतो इकडच्याच मुलखातली घेतो.

दुसऱ्या तक्रारीतच पहिलीचे मूळ आहे. छोटे राज्य स्वतःच्या बळावर क्वचितच टिकते. त्याला गिळण्यापेक्षा तसेच राहू देणे कुणातरी मोठ्याला स्वस्त पडते, म्हणून ते टिकते. हे कारण प्रत्येक राज्याचे वेगळे असते, आणि ते ठरले की राज्याचा स्वभावही आपोआप ठरतो. एकाकडे घाट आहे आणि घाटाची राखण करायला साम्राज्याला स्वतःचे ठाणे परवडत नाही. दुसऱ्याकडे नुसते रान आणि ताप आहे, वसूल कमी आणि शिपाई जास्त मरतात. तिसऱ्याकडे देवस्थान आहे, तिथे हात घातला तर चार प्रांत चिडतील. चौथा दोन मोठ्यांच्या मधोमध आहे आणि दोघांनाही तो दुसऱ्याच्या ताब्यात गेलेला नको आहे. निशाणे बाजूला ठेवा आणि एका कागदावर प्रत्येक राज्यापुढे एकच ओळ लिहा: याला अजून कुणी गिळले का नाही? ज्याच्यापुढे उत्तर सुचत नाही ते राज्य शेजारच्यात मिसळून टाका. ३६ पैकी दहा-बारा राज्ये इथेच गळतील.

पाचवे कारण सहसा कुणाला सुचत नाही, पण नागपूरकराने ते वापरलेच पाहिजे. १७३९ मध्ये राजा चांद सुलतान वारल्यावर नागपूरचा मुलूख राखणाऱ्या देवगडच्या गोंड घराण्यात वारसाहक्काचा तंटा झाला. त्यात मराठा सरदार पहिल्या रघूजी भोसल्यांना मदतीला बोलावले गेले आणि काही वर्षांत राज्य त्यांच्याच हाती आले. पण त्यांनी चांद सुलतानाच्या मुलाला, बुऱ्हाण शाहला, हाकलून दिले नाही. त्याला नागपुरातच मानाने ठेवले, नेमणूक म्हणजे सालाचा तनखा बांधून दिला, आणि काही महसुली कागदांवर गोंडराजाचा शिक्का पुढेही लागत राहिला. त्यात हिशोब होता. मुलूख गोंडराजाचा, आपण त्याचे कारभारी, असे म्हटले की पेशव्यांना त्या मुलखावर वरचा हक्क सांगणे अवघड जाते. म्हणजे एखादा नामधारी राजा राखला जातो तो दुसऱ्या धन्याला दूर ठेवण्यासाठी. तुमच्या शिवेपारात असा एक तरी राजा हवा. त्याच्याकडे फौज नाही, गाव नाही, फक्त शिक्का आहे, आणि त्या शिक्क्यासाठी दोन बलाढ्य सरदार त्याच्या दारात उभे आहेत.

आता आकड्याकडे. ३६ हा आकडा ठेवा, पण तो नावापुरता. छत्तीसगडाच्या नावामागे शिवनाथ नदीच्या उत्तरेला १८ आणि दक्षिणेला १८ गड अशी परंपरा आहे, आणि गढामंडल्याचा गोंड राजा संग्रामशाह याचे ५२ गड सांगतात. असे आकडे एकदा रूढ झाले की गोठतात. खाली राज्ये फुटतात, मिटतात, एकमेकांत जातात, नाव मात्र तेच राहते. म्हणून लोकांच्या तोंडी 'छत्तीस', दफ्तरात २३, आणि त्या २३ मधल्या दोघांना बाकीचे राज्यच मानत नाहीत, असे ठेवा. दरबारात कुणी कुठे बसायचे यावरचा अर्धा तंटा इथूनच निघतो.

नावाबद्दलही एक गोष्ट. 'शिवेपार' हे नाव राजधानीत बसलेल्या माणसाने दिलेले आहे, कारण शीव त्याची आहे. तिथे राहणारा माणूस स्वतःच्या घराला शिवेपार म्हणणार नाही. तो नदीचे नाव घेईल, नाहीतर नुसते 'आपला मुलूख' म्हणेल. दोन्ही नावे वापरा. कोण कुठले नाव घेतो, एवढ्यावरून तो कुणाच्या बाजूचा आहे ते वाचकाला कळेल.

आकारमानात सगळ्यांची चूक एकच असते: राज्ये सारख्या मापाची काढली जातात. इंग्रजी अमलातल्या मध्य प्रांताच्या मांडलिक संस्थानांपैकी बस्तर १३,००० चौरस मैलांहून मोठे आणि सक्ती १३८ चौरस मैलांचे, म्हणजे सुमारे ९५ पट फरक, आणि कागदोपत्री दोघांचीही गणना संस्थानातच. शिवेपार १२,००० चौरस किलोमीटरचा धरला तर वाटणी अशी करा: सर्वांत मोठे एकच राज्य ५,००० चे, तेही बहुतेक रानाचे. त्यानंतर दोन १,५०० ची, पाच ४००-४०० ची, आणि उरलेल्या २,००० मध्ये पंधरा, प्रत्येकी १३० च्या आसपास. झाली २३. यातली पाच नीट रचा, आठांना एकेक ओळ द्या, बाकीची फक्त यादीत आणि लोकांच्या बोलण्यात येऊ द्या. सगळ्यांवर सारखी मेहनत घेतली की सगळी सारखीच दिसतात.

आता एक छोटे राज्य जवळून पाहू. त्याला बिबघाट म्हणू. १३० चौरस किलोमीटर, धानाचा मुलूख, चौरस किलोमीटरला ४० माणसे धरली तर ५,२०० वस्ती. गावाला २०० माणसे म्हणजे २६ गावे. घरे साधारण हजार, नांगर ७००. कर नांगरावर घ्या, जमीन मोजून नव्हे. जमीन मोजायला कारकून लागतात आणि ते अशा राज्याला परवडत नाहीत. छत्तीसगडातही नांगर हेच आकारणीचे माप होते. नांगरामागे वर्षाला दोन रुपये, म्हणजे १,४०० रुपये जमा. साम्राज्याची टाकोळी, म्हणजे मांडलिकाने भरायची ठरावीक खंडणी, ३००. वीस शिपाई, महिना चार रुपये दराने, वर्षाला ९६०. उरले १४०. एवढ्यात ठाकुराचे, म्हणजे बिबघाटच्या धन्याचे, घर, देवीची जत्रा, मुलीचे लग्न आणि वैद्य.

हा ताळेबंद एकदा मांडला की बऱ्याच चुका जागच्या जागी कळतात. बिबघाटकडे हत्ती असू शकत नाही. हत्तीला रोजचा दीड-दोनशे किलो चारा लागतो आणि माहूत वेगळा. पाच हजारांची फौज तर सोडाच, कारण वस्तीच तेवढी आहे. बारमाही शिपाई वस्तीच्या एक टक्क्याच्या आत ठेवा, इथे पन्नासच्या खाली. संकटात पाच टक्क्यांपर्यंत माणसे गोळा होतील, म्हणजे अडीचशे, तीही काही दिवस आणि पेरणी-कापणीचे दिवस सोडून. म्हणूनच दसऱ्याचे सीमोल्लंघन. पाऊस सरलेला, नद्या उतरलेल्या. कथेतली लढाई श्रावणात घातली असेल, तर वैनगंगेसारखी नदी तेव्हा फौजेला पार करू देत नाही हे आधी बघा.

१४० रुपयांत भागत नाही, तेव्हा ठाकूर कुठून तरी पैसा काढणारच. घाटातून जाणाऱ्या बैलांवर जकात हा सोपा मार्ग. बंजाऱ्यांचे तांडे मीठ आत नेत आणि धान्य बाहेर आणत. बैलामागे १०० ते १२० किलो ओझे, चरत-चरत दिवसाला दहा-बारा किलोमीटर. तांड्यात दोन हजार बैल आणि बैलामागे एक आणा धरला तर एका खेपेला १२५ रुपये. ठाकुराच्या वर्षभराच्या शिलकीएवढी रक्कम एका दुपारी जमा होते. म्हणजे बिबघाटचा जीव शेतात नसून घाटात आहे. साम्राज्याने दुसरीकडून सडक काढली तर बिबघाट बुडाले. बघा, एकही लढाई न घालता तुमच्याकडे कथेचा ताण आला.

आता सनद, म्हणजे साम्राज्याने राज्याला हक्क आणि अटी लिहून दिलेला कागद. प्रत्येक मुख्य राज्याची सनद पूर्ण लिहून काढा, कादंबरीत ती छापायची नसली तरी. बिबघाटची अशी असेल:

"राजश्री ठाकूर बिबघाटकर यांसी. परगणे बिबघाट, मौजे २६, जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाणसहित तुम्हांकडे चालवावे. टाकोळी सालाबाद रुपये ३००, पैकी पौषअखेर १५० व वैशाखअखेर १५० खजिन्यात भरावे. घाटाची राखण तुमची. वाटसराचा माल गेल्यास चोर हजर करावा, न केल्यास माल भरून द्यावा. हुजूर स्वारी पूर्वेस जाईल तेव्हा शंभर बैल व वीस जवान द्यावेत. देहान्ताची शिक्षा हुजूर हुकुमाशिवाय देऊ नये. पुत्रपौत्रादी चालेल. गादीवर बसतेसमयी नजर करावी."

आता हिच्यातल्या फटी शोधा. 'मौजे २६' लिहिले आहे, पण ठाकुराने रान तोडून तीन गावे वसवली. त्यांचा वसूल कुठल्याच कागदावर नाही. 'माल भरून द्यावा' म्हटले की चाळीस रुपयांचा माल गेलेला सावकार चारशेचा सांगतो. वीस जवान द्यायचे म्हणजे सगळेच शिपाई द्यायचे, मागे घाट मोकळा. आणि 'पुत्रपौत्रादी' हा शब्द सर्वांत धोक्याचा, कारण त्यात दत्तकाचे नाव नाही. नागपूरचे तिसरे रघूजी भोसले डिसेंबर १८५३ मध्ये पुत्राविना वारले, गव्हर्नर जनरल डलहौसीने दत्तक मानला नाही आणि १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले. एवढे मोठे राज्य एका वारसाच्या प्रश्नावर जाऊ शकते, तर सव्वीस गावांचे काय! ज्या गोष्टीबद्दल सनद गप्प आहे तिथूनच कथेचे प्रकरण निघते. म्हणून सनद मुद्दाम अर्धवट ठेवा.

वारसाचा नियम हा नकाशाचाही नियम असतो. थोरल्यालाच गादी मिळत असेल तर राज्य अखंड राहते आणि धाकटे भाऊ उपद्रवी होतात. वाटणी होत असेल तर राज्य तुकड्यांचे होते. मिरजेच्या पटवर्धन संस्थानिकांचे बघा: १८०१ च्या सुमारास मिरजेतून सांगली निघाली, १८२० मध्ये उरलेल्या मिरजेचे चार वाटे झाले, त्यातले दोन पुढे वारसाअभावी खालसा झाले, आणि थोरली पाती, धाकटी पाती अशा दोन मिरजा राहिल्या. छत्तीसगडातल्या नांदगाव संस्थानात तिसराच प्रकार. तिथे बैरागी महंतांची गादी, गुरूमागून चेला. अशा राज्यात राजपुत्रच नसतो, त्यामुळे विषप्रयोगापेक्षा 'चेला कोण करणार' यावर राजकारण फिरते. शिवेपारात हे तिन्ही नियम शेजारीशेजारी ठेवा.

वाटणी नकाशावर कशी दाखवायची? भाऊ रेघ ओढून अर्धे-अर्धे करत नाहीत, कारण एकाला काळी जमीन आणि दुसऱ्याला माळ आला तर रक्त सांडेल. ते वसूल सारखा करतात. म्हणून आधी गावांचे ठिपके काढा, प्रत्येकापुढे उत्पन्न लिहा, मग काळी, माळ आणि रान असे तीन ढीग करून प्रत्येक ढिगातून प्रत्येक भावाला गावे द्या. याचे गाव त्याच्या हद्दीत, त्याचे तळे याच्या गावात, असा विस्कळीत नकाशा आपोआप तयार होतो आणि तो खरा वाटतो. फुटीला आणखी एक सांधा असतो. छत्तीसगडात चौऱ्याऐंशी गावांचा एक गड आणि त्यात बारा-बारा गावांचे सात गट अशी जुनी रचना होती; गडावर दिवाण, बारा गावांवर दाऊ, गावावर गौटिया. राज्य फुटते ते असल्या सांध्यावर. बंडखोर दाऊ बारा गावे घेऊन निघतो, साडेनऊ नाही.

नकाशा काढण्याचा क्रम असा ठेवा: नद्या, घाट, आठवडी बाजार, गावांचे ठिपके, आणि सर्वांत शेवटी रंग. बाजार आठ-दहा किलोमीटरवर, म्हणजे माणूस डोक्यावर ओझे घेऊन जाऊन संध्याकाळच्या आत परत येईल. शेजारच्या दोन बाजारांचे वार एक ठेवू नका. बैलगाडी दिवसाला १८-२० किलोमीटर जाते, तेव्हा छोट्या राज्याची हद्द राजाच्या वाड्यापासून एका दिवसाच्या आत. हद्दीची रेघ फक्त तिथे ओढा जिथे दोन गावांची शेते एकमेकांना भिडतात. रानात रेघ नको. तिथे हद्द तेव्हाच जन्मते, जेव्हा कुणाला सागवान हवे असते. आणि रान रिकामे ठेवू नका. बस्तरसारख्या मुलखात चौरस किलोमीटरला नऊ-दहा माणसे होतीच. त्यांचे देव, त्यांचे रस्ते, त्यांची स्वतःची नावे आहेत. रानातल्या माणसांना नुसती सजावट करून टाकणे हा अशा लिखाणातला सर्वांत मोठा अन्याय आहे. गोंडांच्या नगरात राहून तरी तो आपण करू नये.

गावांची नावे तीन थरांत द्या: रानातल्या लोकांनी दिलेले, शेतकऱ्याने वळवलेले, कारकुनाने बिघडवलेले. आपल्याकडची -खैरी, -टोला, -बोडी ही शेपटे पाहा, गावाच्या नावातच झाड, वाडी आणि तळे दिसते. पदव्याही वाटून द्या. सगळेच 'महाराज' झाले की कुणीच महाराज राहत नाही. राजा दोन-तीन, बाकी ठाकूर, जमीनदार, एक महंत. पदवी वाढवून मिळावी म्हणून कुणीतरी वीस वर्षे अर्ज करत असावा.

साम्राज्याचा माणूस कुठे राहतो, हेही ठरवा. नागपुरात रेसिडेन्सी, म्हणजे दरबारातल्या इंग्रज वकिलाचे (रेसिडेंटचे) ठाणे, सीताबर्डीच्या टेकड्यांजवळ होती. नोव्हेंबर १८१७ ची लढाई त्याच टेकड्यांवर झाली, आणि पुढे इंग्रजांनी तिथे किल्लाच बांधला. भोसल्यांचा वाडा खाली महाल नावाच्या जुन्या वस्तीत, साम्राज्याच्या तोफा वर. एकदा सीताबर्डीच्या बाजूने महालाकडे चालत जा. कोण कुणाकडे वरून पाहतो हे पायांना समजते आणि ते कुठल्याही वर्णनापेक्षा उपयोगी पडते. तिथेच महालात गोंडराजाचा किल्लाही आहे, म्हणजे आधी सांगितलेला शिक्क्याचा धनी भोसल्यांच्या शेजारीच.

साम्राज्याचा हा वकील एरवी सल्ला देतो, पण राजा अल्पवयीन असला की राज्यच चालवतो. १८१८ मध्ये तिसरे रघूजी लहानपणीच गादीवर आले तेव्हा कारभार रेसिडेंट जेनकिन्सच्या हाती गेला आणि १८२६ च्या तहापर्यंत तसाच राहिला. अशा आठ वर्षांत मोजणी होते, दफ्तर लागते, कर्जे फिटतात, लपवलेली तीन गावे उघडी पडतात. राजा वयात येतो तेव्हा राज्य आधीपेक्षा नीटनेटके असते आणि त्याचे उरलेले नसते. कटकारस्थानापेक्षा ही गोष्ट कितीतरी करुण आहे. तुमच्या २३ पैकी निदान दोन गाद्यांवर पोरे बसवा.

राज्यांनी एकमेकांशी सतत लढावे, ही अपेक्षा सोडा. टाकोळी भरणाऱ्यांचे तंटे तळ्याच्या पाण्यावरून, पळून गेलेल्या कुळांवरून, जकातीच्या नाक्यावरून असतात, आणि ते बहुधा अर्जांनी लढले जातात. कुळ पळणे तर फार मोठे हत्यार आहे. जमीन भरपूर आणि माणूस कमी असलेल्या मुलखात शेजाऱ्याने नांगरामागे आठ आणे कमी केले की एका उन्हाळ्यात तुमची तीन गावे ओस.

शेवट. प्रदेश 'जुना' आहे म्हणता, तर तो नकाशावरून गेला कसा हेही लिहावे लागेल. इथेही तलवारीपेक्षा टेबल खरे. १९०५ मध्ये बामडा, रायराखोल, सोनपूर, पाटणा आणि कालाहांडी ही पाच ओडियाभाषी संस्थाने मध्य प्रांतातून बंगालकडे गेली, आणि सरगुजा, उदयपूर, जशपूर, कोरिया व चांगभखार ही पाच इकडे आली. एका हुकुमाने दहा राजांचा वरचा दरबार बदलला. १५ डिसेंबर १९४७ रोजी छत्तीसगडच्या संस्थानिकांशी वल्लभभाई पटेलांची विलीनीकरणाची बैठक झाली ती नागपुरातच, आणि १ जानेवारी १९४८ पासून ती संस्थाने मध्य प्रांत व वऱ्हाडात आली. पिढ्यान्‌पिढ्यांची गादी आणि पंधरा-सोळा दिवस! तुमच्या कादंबरीत विलीनीकरणाचे एकच प्रकरण हवे आणि ते एका दिवसात, एका खोलीत घडायला हवे. कोण आधी सही करतो, कोण वेळ मागतो, कोण फक्त नेमणुकीचा आकडा विचारतो, कोण देवीच्या पूजेचा मान विचारतो. प्रत्येकाचा प्रश्न त्याच्या सनदेतून आला पाहिजे. बिबघाटकर घाटाबद्दलच विचारेल.

त्यानंतर उरते ते थोडे आणि चिवट असते. गुजरातेतल्या डांगच्या भिल्ल राजांना होळीआधी आहव्याच्या दरबारात आजही सालियाना मिळतो. शिवेपारात असे दोन-तीन अवशेष ठेवा: जुन्या नाक्याच्या जागी अजून थांबणाऱ्या गाड्या, दोन गावांत वेगळी भरणारी पायली, आणि बिबघाटच्या जत्रेत पहिला नारळ कुणाचा यावर दरवर्षी होणारी बाचाबाची, जिच्यात लपवलेल्या तीन गावांना अजून मान नाही, कारण सनदेत गावे २६ च आहेत.